वेगाचा उपासक : झोरा आर्कस-डंटॉव्ह

चरित्रलेख म्हटला की संत, समाजसुधारक किंवा साहित्यिक आठवतात. मी मात्र एका मोटार इंजिनिअरचे चरित्र लिहायला घेतले आहे. त्याचे कारण आधी सांगतो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडिलांचे, म्हणजे आबांचे, मोटारसायकल दुरुस्तीचे छोटे गॅरेज आहे. नुसत्या आवाजावरून कार्बोरेटरचा दोष ओळखण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात कोणी धरणार नाही. पण एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरच्या जागी इंधन फवारणारे इंजेक्शन आले. जन्मभर कमावलेली विद्या अशी मागे पडू लागली तर माणसाने काय करावे? हा प्रश्न मनात घोळत असतानाच झोराची कहाणी माझ्या वाचनात आली.

झोराचा जन्म २५ डिसेंबर १९०९ रोजी ब्रुसेल्स येथे एका रशियन ज्यू कुटुंबात झाला. बालपण रशियात गेले. जन्मदात्याचे आर्कस आणि सावत्र वडिलांचे डंटॉव्ह, ही दोन्ही आडनावे त्याने पुढे मानाने लावली. १९२७ मध्ये कुटुंब बर्लिनला आले व १९३४ मध्ये तेथेच तो इंजिनिअर झाला. महायुद्ध पेटले तेव्हा तो फ्रान्सच्या हवाई दलात शिरला. फ्रान्स पडल्यावर जीव वाचवून आप्तांसह १९४० मध्ये न्यूयॉर्कला पोहोचला. देश बदलले, भाषा बदलल्या. इंजिनाचे वेड मात्र बदलले नाही.

जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात त्याने शेव्हरोले कंपनीची नवी ‘कॉर्व्हेट’ पाहिली. रूप देखणे, पण बोनेटखाली साधेच सहा सिलिंडरचे इंजिन! झोराने शेव्हरोलेचे मुख्य इंजिनिअर एड कोल यांना सरळ पत्र लिहिले आणि १ मे १९५३ रोजी तो तेथे नोकरीला लागला. त्याच वर्षअखेर त्याने वरिष्ठांना एक टिपण दिले. तरुणांना वेगवान गाडी हवी आहे आणि ती कारखान्यानेच दिली पाहिजे, असा त्याचा आशय होता.

पुढची वर्षे भरभराटीची होती. १९५५ मध्ये कॉर्व्हेटला आठ सिलिंडरचे इंजिन मिळाले. १९५६ मध्ये डेटोनाच्या समुद्रकिनाऱ्यावर त्याने स्वतः गाडी चालवून ताशी १५० मैलांचा टप्पा गाठला. १९५७ मध्ये कॉर्व्हेटला इंधन-इंजेक्शन मिळाले. त्या कामातही झोराचा वाटा होता. होय, ज्या इंजेक्शनने आमच्या आबांचा कार्बोरेटर घालवला, त्याचेच हे एक जुने भावंड!

अडथळेही आले. १९५७ मध्येच अमेरिकन मोटार कंपन्यांनी शर्यतींतून अंग काढून घेतले. झोराने ‘ग्रँड स्पोर्ट’ नावाच्या हलक्या शर्यती गाड्या बांधायला घेतल्या, पण १९६३ मध्ये वरून मनाई झाली आणि पाच गाड्यांवरच काम थांबले. तरीही १९६७ पर्यंत कॉर्व्हेटमध्ये पाचशेच्या वर अश्वशक्ती देऊ शकणारे इंजिन मिळू लागले होते.

मग काळ फिरला. शहरांवर, विशेषतः लॉस एंजेलिसवर, धुराचे आवरण साचत होते. १९७० मध्ये अमेरिकेत कडक हवाशुद्धीचा कायदा झाला. जोरदार इंजिनात इंधनमिश्रण फार दाबले जाते. ते अवेळी पेटू नये म्हणून पेट्रोलमध्ये शिसे मिसळत. शिसे आरोग्याला घातक, शिवाय धूर शुद्ध करणारे नवे उपकरणही ते निकामी करी. म्हणून शिसे काढणे आले, आणि शिसे काढायचे तर इंजिनातील दाब कमी करणे आले. हा निर्णय पुढे रेटणारे गृहस्थ होते एड कोल! ज्यांनी झोराला नोकरीवर घेतले, तेच आता जनरल मोटर्सचे अध्यक्ष होते. त्यातच तरुणांच्या वेगवान गाड्यांचे विम्याचे हप्ते भडकले आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले.

१९७० मध्ये कॉर्व्हेटच्या एका इंजिनाची शक्ती ३७० अश्वशक्ती सांगत. १९७२ मध्ये त्याच इंजिनाची २५५ झाली. यातला काही फरक मोजण्याच्या नव्या, अधिक प्रामाणिक पद्धतीचा होता, पण घट खरीच होती. १९७५ च्या साध्या कॉर्व्हेटची शक्ती अवघी १६५ उरली. त्याच वर्षाच्या आरंभी, पासष्टी गाठून झोरा निवृत्त झाला.

मला वाटते, येथे खलनायक कोणीच नाही. मुलांच्या छातीत शिसे जाऊ नये हे योग्यच होते, आणि एका कारागिराची बावीस वर्षांची कमाई डोळ्यांदेखत ओसरली हेही खरे होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला या चरित्राने शिकवले.

२१ एप्रिल १९९६ रोजी झोरा गेला. त्याच्या अस्थी केंटकीतील कॉर्व्हेट संग्रहालयात जतन केल्या आहेत. इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवण्याचा त्याचा ध्यास होता. कंपनीने तशी कॉर्व्हेट बाजारात आणली ती २०२० च्या मॉडेलमध्ये. शक्तीही परत आली, तीही शिशावाचून. आणि त्यात मोठा हात होता तो इंजेक्शनचा. एके काळी वेगासाठी वापरलेली युक्ती पुढे स्वच्छतेच्या कामी आली.

हे सारे मी आबांना रात्री जेवताना सांगितले. ते काही बोलले नाहीत. पण गेल्या महिन्यात त्यांनी इंजेक्शनच्या गाडीचा दोष दाखवणारे यंत्र हप्त्यांवर घेतले. पडद्यावरचे इंग्रजी मी वाचून दाखवतो. ते डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकतात आणि यंत्र बरोबर सांगते आहे की नाही, ते मला सांगतात.