अब्राहम लिंकन यांचें विनोदी वक्तृत्व

सभेंत लोकांस हंसविणें सोपें नाहीं, आणि हंसणाऱ्या लोकांस आपलें म्हणणें पटविणें त्याहून कठीण. या दोन्ही गोष्टी ज्यांस साधल्या, त्यांत अमेरिकेचे १६ वे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांची गणना आम्ही प्रथम करतों.

त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजीं केंटकी प्रांतांतील एका लांकडी झोंपडींत झाला. त्यांचें सारें शालेय शिक्षण एकत्र केलें तरी वर्षभरहि भरत नाहीं. बाप थॉमस हा शेतकरी व सुतार. लिहिणें-वाचणें बेताचेंच, पण गोष्टी सांगण्यांत मोठा पटाईत. त्या गोष्टी अब्राहम मनांत सांठवी, आणि झाडाच्या बुंध्यावर उभा राहून ऐकलेलीं प्रवचनें सोबत्यांस म्हणून दाखवी. असली शाळा फी देऊन मिळत नाहीं.

पुढें ते वकिलींत व राजकारणांत शिरले. परंतु हंसविण्याची कला कोणावर चालवावी, हें त्यांस एकदम उमगलें नाहीं. १८४० सालीं स्प्रिंगफील्ड येथील सभेंत त्यांनीं जेसी थॉमस नांवाच्या प्रतिपक्ष्याची अशी हुबेहूब नक्कल केली कीं, श्रोते खदखदून हंसले आणि तो गृहस्थ डोळ्यांत पाणी आणून निघून गेला. लिंकन यांस वाईट वाटलें व त्यांनीं त्याची क्षमा मागितली. तरी खोड गेली नाहीं. दोनच वर्षांनीं जेम्स शील्ड्स या अधिकाऱ्याची त्यांनीं टोपणनांवानें वर्तमानपत्रांत टवाळी केली; त्यानें द्वंद्वयुद्धाचें आव्हान दिलें. २२ सप्टेंबर १८४२ रोजीं मिसिसिपी नदींतील एका बेटावर दोघे तरवारींसाठीं सज्ज होऊन आलेहि! मित्र मध्यें पडले म्हणूनच अनर्थ टळला. या प्रसंगाचें नांवहि पुढें लिंकन यांस नकोसें वाटे.

१८५८ सालीं सीनेटच्या जागेसाठीं त्यांचा सामना स्टीफन डग्लस यांच्याशीं पडला. इलिनॉय प्रांतांत सात ठिकाणीं, दरवेळीं तीन तास, दोघांचे वादविवाद झाले; मुख्य विषय गुलामगिरीचा. आतां लिंकन यांच्या विनोदाचा रोख बदलला होता. डग्लस यांच्या गोल, टवटवीत चेहऱ्यांतून अनुयायांस पोस्टमास्तरांच्या व इतर सरकारी जागांचे कोंब फुटतांना दिसतात, आपल्या सुकलेल्या तोंडांतून मात्र साधा कोबीहि उगवलेला कोणीं पाहिला नाहीं, असें त्यांनीं त्या वर्षीं एका भाषणांत स्वतःविषयीं सांगितलें. नव्या मुलुखांतील रहिवाशांनींच गुलामगिरीचा निर्णय करावा, हें डग्लस यांचें आवडतें तत्त्व. पण सुप्रीम कोर्टाच्या ज्या १८५७ च्या निकालानें त्या तत्त्वांत कांहीं उरूं दिलें नव्हतें, त्याचीहि ते तरफदारी करीत. क्विन्सी येथील सभेंत लिंकन यांनीं या तत्त्वाची तुलना उपासानें मेलेल्या पारव्याची सावली उकळून केलेल्या कढणाशीं केली. कायद्याचा काथ्याकूट ज्यांस कळला नसता, त्या शेतकऱ्यांसहि हें कढण किती पातळ असेल तें कळलें. आम्हांस हा विनोद जेसी थॉमसच्या नकलेहून शतपट सरस वाटतो. येथें कोणी रडत घरीं गेला नाहीं.

जागा डग्लस यांसच मिळाली. परंतु १८६० सालीं लिंकन राष्ट्राध्यक्ष निवडून आले, आणि लगेच यादवी युद्ध पेटलें. त्या युद्धांत शील्ड्स यांस त्यांनीं ब्रिगेडियर जनरल नेमलें, हेंहि नमूद करण्यासारखें आहे.

द्वंद्वयुद्धाच्या त्या दिवसास बरोबर २० वर्षें झालीं, त्याच तारखेस लिंकन यांनीं मंत्रिमंडळ बोलाविलें. अँटीटमच्या रणांगणावर हजारों माणसें पडून पांचच दिवस लोटले होते. आरंभीं त्यांनीं आर्टेमस वॉर्ड या विनोदी लेखकाचें एक प्रकरण वाचून दाखविलें व ते मनापासून हंसले. युद्धमंत्री स्टँटन यांस हें मुळींच रुचलें नाहीं. मग त्यांनीं तें पुस्तक मिटलें व बंडखोर प्रांतांतील गुलामांस १ जानेवारी १८६३ पासून मुक्त करणारा जाहीरनामा गंभीरपणें वाचला.

कोठें हंसवूं नये, हेंहि त्यांस पुरतें कळत होतें. १९ नोव्हेंबर १८६३ रोजीं गेटिसबर्ग येथें, युद्धांत पडलेल्या शिपायांच्या स्मशानभूमीवर, ते दोनतीन मिनिटेंच बोलले. त्या भाषणांत विनोदाचा एक शब्दहि नाहीं.

१४ एप्रिल १८६५ रोजीं वॉशिंग्टन येथील फोर्ड नाट्यगृहांत ते एक विनोदी नाटक पाहात होते. प्रेक्षागृह हंशानें केव्हां दुमदुमेल हें ठाऊक असलेल्या जॉन बूथ नांवाच्या नटानें तोच क्षण साधून मागून गोळी झाडली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं लिंकन यांनीं देह ठेवला.