रविवारच्या दुपारचे पुराण



जुन्नर-आंबेगावच्या शेतकरी कुटुंबाला रविवारी सुट्टी असते का, हे विचारायचीच सोय नाही. टोमॅटो तोडणीला आला की तो वार पाहत नाही, नारायणगावच्या बाजारात वेळेवर पोहोचवावाच लागतो. कालव्याला आवर्तन सुटले किंवा रात्रीच्या पाळीची वीज आली की बिबट्याची भीती मनात धरून उसाला पाणी द्यायला जावे लागते. अशा माणसाने सकाळच्या मिस्साला हजेरी लावली तरी पुष्कळ झाले, असे आपण म्हणतो. पण मिस्सा संपल्यानंतर काय? उरलेल्या दिवसाचे काय करायचे? हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वी एका धर्मगुरूंपुढे आला होता आणि त्यांनी त्याचे उत्तर मराठीत दिले. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स.

त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुश्टन या खेड्यात झाला. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक श्रद्धा उघडपणे पाळणे म्हणजे तुरुंगाला आमंत्रण होते. त्यांचा जिवलग मित्र थॉमस पाऊंड याने आयुष्यातील कितीतरी वर्षे कैदेत काढली. स्टीफन्स मात्र निसटून रोमला पोहोचले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजात बसले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. वाटेत जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. हा सगळा वृत्तांत त्यांनी आपल्या वडिलांना पत्रातून कळवला आहे. मायदेशी ते पुन्हा कधी गेले नाहीत.

गुरुदीक्षेनंतर त्यांना दक्षिण गोव्यातील सासष्टी हा प्रदेश मिळाला. भातखाचरे, माडांच्या बागा आणि खाऱ्या पाण्याला अडवणारे बांध यांवर जगणारा हा मुलूख. तिथली देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली होती आणि लोकांच्या मनात तो घाव ताजा होता. १५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीयांना गावकऱ्यांनी ठार मारले. अशा ठिकाणी परक्या माणसाने लोकांच्या मनात जागा मिळवायची तर कशी? फादर स्टीफन्स यांनी त्यासाठी भाषेची वाट धरली. गावातली कोंकणी आणि ग्रंथातली मराठी या दोन्ही ते शिकले. आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिन भाषांशी जुळते हे नोंदवले. युरोपातील पंडितांना ही गोष्ट उमगायला आणखी दोनशे वर्षे लागली!

सुमारे चाळीस वर्षे ते गोव्यात राहिले. काही काळ सासष्टीतील कॉलेजचे प्रमुख होते, बाकी काळ गावोगावचे धर्मगुरू. बाप्तिस्मे, लग्ने, आजाऱ्यांचे अभ्यंगलेपन, मुलांचे धर्मशिक्षण, भांडणतंट्यातली मध्यस्थी ही धर्मग्रामाची कामे संपत नाहीत, हे आपल्या फादरांकडे पाहून आपल्याला ठाऊकच आहे. मग असा माणूस जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ लिहितो कधी?

याचे निम्मे उत्तर येशूसंघाच्या दिनक्रमात आहे, असे मला वाटते. संत इग्नाशियस यांनी आपल्या संघबंधूंना दिवसातून दोनदा, एकदा दुपारी आणि एकदा रात्री, हातातले काम थांबवून आत्मपरीक्षण करायला सांगितले होते. सकाळपासून काय घडले, देव कुठे भेटला, आपण कुठे घसरलो, एवढेच पाहायचे आणि आभार मानून पुढे जायचे. फारसा वेळ लागत नाही, पण त्यासाठी थांबावे मात्र लागते. बांधावर भाकरी सोडून बसलेला शेतकरी जसा अर्ध्या झालेल्या नांगरटीकडे पाहतो, तसेच हे पाहणे. शिष्य थकूनभागून परतले तेव्हा प्रभू येशूने त्यांना आधी एकांत जागी विसाव्याला नेले, असे संत मार्क यांनी सहाव्या अध्यायात सांगितले आहे. तिथेही लोक मागोमाग आलेच आणि प्रभूला त्यांचा कळवळा आला. विसावा अर्धा राहिला खरा, तरी त्याला त्या दिवसात जागा होती.

उरलेले उत्तर ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच सापडते. एका रविवारी, सायंप्रार्थनेच्या वेळी, सासष्टीत मुलांना धर्मशिक्षण देणे चालू होते. तेव्हा एक नवख्रिस्ती ब्राह्मण फादरांकडे आला. त्याचे म्हणणे असे, की आमची पूर्वीची पुराणे आम्हाला बंद झाली. आता वेळ घालवायला, मन रमवायला आमच्याजवळ काही नाही. ख्रिस्ती धर्माचे असे एखादे पुराण आम्हाला का मिळू नये?

बंधुभगिनींनो, ही तक्रार साधी नव्हती. दिवसभर राबलेली माणसे संध्याकाळी एकत्र बसून पुराण ऐकत, हाच त्यांचा विसावा होता. जुने ग्रंथ काढून घेताना त्या संध्याकाळी रिकाम्या पडतील, याचा विचार त्या काळच्या ख्रिस्तसभेने केलेला दिसत नाही. नियम होते, मिस्सा होती, प्रश्नोत्तरांचे धडे होते. ऐकत बसावे असे काही नव्हते. फादर स्टीफन्स यांनी त्या माणसाला गप्प केले नाही. त्याची मागणी त्यांनी रास्त मानली.

मग त्यांनी ओवी हातात घेतली. आपल्या भागाला ओवीची ओळख करून द्यायला नको. आळे येथे ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी दाखवतात, आणि जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या अशा आज्या अजून घराघरांत आहेत. जात्यावरची ओवी आणि ग्रंथातली ओवी यांची घडण वेगळी, पण नाव एकच. एक काम चालू असताना सोबत करते आणि दुसरी काम थांबल्यावर. फादर स्टीफन्स यांनी दुसरी निवडली. पहिल्या पुराणात जुना करार आणि दुसऱ्यात प्रभूचे चरित्र, असे दोन भाग त्यांनी रचले. भाषा मराठी ठेवली, परंतु श्रोत्यांना सहज कळावे म्हणून तीत कोंकणी शब्दही घेतले.

१६१६ साली राशोल येथे हा ग्रंथ छापला गेला. देवनागरी खिळे मिळाले नाहीत म्हणून तो रोमन लिपीत निघाला. देशी लिपीत छपाई व्हावी म्हणून त्यांनी १६०८ साली वरिष्ठांना लिहिले होते, पण ते जमले नाही. रविवारी आणि सणाला मिस्सानंतर देवळात हे पुराण मोठ्याने वाचले जाऊ लागले. वाचता न येणाऱ्या माणसाला बसून ऐकणे पुरेसे होते. त्यानंतर तीनच वर्षांनी, १६१९ मध्ये, फादर स्टीफन्स गोव्यातच प्रभूघरी गेले. त्यांनी लिहिलेले कोंकणी भाषेचे व्याकरण १६४० साली छापून आले.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने देशी भाषांवर बंदी आणली. तरीही गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी ख्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती सोबत नेल्या. मूळ छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्या हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला गेला, आणि १९५६ साली तो पुण्यात देवनागरीत आला.

दोन्ही पुराणे मिळून पंच्याण्णव अवस्वर, म्हणजे अध्याय, आहेत. भाषा जुनी असल्यामुळे पहिले दोन-तीन जड जातात, मग कान सरावतो. रविवारी जेवणे आटोपल्यावर घरातल्या एकाने एक अवस्वर वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, असे धरले तर ग्रंथ दोन वर्षांच्या आत पुरा होतो.