असन्निधानातील धैर्य : आद्य आचार्य श्रीनागदेवाचार्य

परमेश्वर अवतार सन्निधानी असता जीवाचे मन सहज स्थिर राहते. संशय आला तर विचारता येते, चूक घडली तर श्रीमुखाने निवारण होते, भय वाटले तर श्रीमूर्तीकडे पाहून ते मावळते. भक्ताची खरी पारख असन्निधानात होते. विचारावयास कोणी नाही, पुढे काय होणार हे ठाऊक नाही, आणि हाती उरली आहे ती केवळ पूर्वी मिळालेली आज्ञा. अशा वेळी जो त्या आज्ञेवर उभा राहतो, त्याच्याच धैर्याला धैर्य म्हणावे. आपल्या मार्गाचे आद्य आचार्य श्रीनागदेवाचार्य, म्हणजेच भटोबास, यांच्यावर असे प्रसंग एकदा नव्हे, दोनदा आले. आणि उतारवयात तर देशाचे राज्यच डळमळू लागलेले त्यांना पाहावे लागले.

भटोबासांचा जन्म शके ११५८च्या (सन १२३६) सुमाराचा. घराणे पुरी या गावचे. आई आबाइसा, बहीण उमाइसा आणि चुलत बहीण महदंबा या तिघीही पुढे मार्गात आल्या. परंतु तरुणपणचे नागदेव हे काही शांत स्वभावाचे गृहस्थ नव्हते. अंगात बळ, हाती शस्त्र आणि वृत्तीत दांडगाई, असे त्यांचे ते दिवस होते. ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. उलट साधकाने ती मुद्दाम ध्यानात ठेवावी. पुढे ज्यांच्या धैर्यावर सगळा परिवार विसंबला, त्यांचे ते धैर्य जन्मजात नव्हते. ते सन्निधानात मिळाले आणि असन्निधानात कसास लागले.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींची भेट झाली आणि नागदेवांचे चित्त वेधले गेले. तरीही घर एकदम सुटले नाही. वेध झाला, बोध झाला, मग काही काळाने अनुसरण घडले. स्वामींनी त्यांची घाई केली नाही, आणि त्यांनीही पुढे कोणाची केली नाही. भिक्षेला जावे, सांगितलेले ऐकावे, चुकले तर बोलणे खावे आणि पुन्हा सेवेस लागावे, या क्रमाने तो उग्र स्वभाव हळूहळू वितळत गेला. उग्रपणातील बळ मात्र तसेच राहिले; आता ते आचाराच्या कामी येऊ लागले.

तो काळ निर्धास्त नव्हता. सन १२७१मध्ये महादेवराव यादवांनंतर देवगिरीच्या गादीसाठी घरातच कलह झाला आणि रामदेवरावांचे राज्य सुरू झाले. स्वामींकडे स्त्रिया येत, सर्व वर्णांचे लोक येत, ज्ञान मराठीत सांगितले जाई. हे प्रस्थापित पंडितवर्गास रुचणारे नव्हते. विरोध वाढत गेला. अखेर सन १२७४च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केले.

परिवारावर जणू आकाश कोसळले. आधार एकच होता आणि तोच दृष्टीआड झाला होता. या दुःखात भटोबासांपुढे अनेक वाटा होत्या. घरी परत जाता आले असते, स्वामींच्या शोधात उत्तरेकडे भटकता आले असते, शोकातच देह ठेवता आला असता. परंतु जाण्यापूर्वी स्वामींनी सांगून ठेवले होते की, श्रीप्रभूंच्या सन्निधानी जाऊन राहावे. भटोबासांनी त्या आज्ञेचे बोट धरले. गोदातीर सोडून ते व परिवारातील इतर भक्त वऱ्हाडात ऋद्धिपुरास आले.

ऋद्धिपुरातील सेवा सुमारे तेरा-चौदा वर्षांची. तीही सोपी नव्हती. श्रीगोविंदप्रभूंची लीला निराळी. स्वामींप्रमाणे प्रश्नाला उत्तर, शंकेला समाधान, असे तेथे नव्हते. श्रीप्रभू केव्हा हसतील, केव्हा कोपतील, केव्हा उठून गावात कोणाच्या घरी जातील, हे कोणासही सांगता येत नसे. लोकांनी त्यांना वेडे म्हणावे आणि त्याच लोकांनी संकटात धावत त्यांच्याकडेच यावे, असा तो अवतार. निरूपणाची सवय झालेल्या भक्तांना हे मौन जड गेले असणार. देव समोर असूनही उत्तर मिळत नाही, ही देखील धैर्याची एक परीक्षाच होय. भटोबासांनी उत्तराची अट घातली नाही. जे समजले नाही त्याबद्दल रुसून त्यांनी सेवा उणी केली नाही.

याच काळात म्हाइंभटांनी लीळांचे संकलन आरंभिले. ज्यांनी स्वामींना पाहिले होते अशा माणसांना गाठून, गावोगाव हिंडून, त्यांनी एकेक लीळा गोळा केली, आणि ती पारखण्यास भटोबास बसले. कोणते घडले, कोणत्या स्थानी घडले, कोणासमोर घडले, हे निश्चित झाल्यावाचून लीळा स्वीकारली जात नसे. वाट पाहणे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे नव्हे, हे या कामावरून कळते. स्वामी दिसत नव्हते. पण त्यांचे नाम, मूर्ती, चेष्टा आणि लीळा यांचे स्मरण करण्यापासून कोणी अडवले नव्हते. त्या स्मरणातूनच लीळाचरित्र उभे राहिले आणि मराठी गद्याला त्याचा आद्य ग्रंथ मिळाला.

मग सन १२८७च्या सुमारास श्रीप्रभूंनीही देह सोडला. दुसरे असन्निधान आले, आणि ते पहिल्याहून कठीण होते. पहिल्या वेळी ऋद्धिपूर होते. आता जावयास दुसरे सन्निधान उरले नव्हते. भटोबास शोकात बुडाले. धैर्यवानाला दुःख होत नाही, असे कोणी समजू नये. दुःख झाले, अपार झाले. परंतु त्यांनी ते आचाराच्या आड येऊ दिले नाही.

येथेच त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट घडली, आणि ती न करण्याची गोष्ट आहे. घाबरलेल्या समुदायाला रिकामे आसन सहन होत नाही. त्याला कोणीतरी लगेच त्या जागी बसवून हवे असते. भटोबासांवर सर्वांची श्रद्धा होती, अधिकार त्यांच्या हाती होता. त्यांनी स्वतःस अवतार म्हणविले असते, किंवा दुसऱ्या कोणा सिद्धपुरुषाकडे परिवार नेला असता, तर त्या क्षणी अनेकांना हायसे वाटले असते. त्यांनी तसे केले नाही. ते आचार्यच राहिले. परमेश्वराचे आसन त्यांनी परमेश्वरासाठी मोकळे ठेवले आणि परिवाराला अटन, विजन, भिक्षा, भोजन व नामस्मरण या नित्यक्रमात लावले. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक यांच्या द्वारे असन्निधानातही साधन घडते, हा विश्वास त्यांनी आचरणाने रुजविला.

नव्याने येणाऱ्यांत केशिराजव्यास, दामोदरपंडित, भास्करभट्ट यांच्यासारखे थोर विद्वान होते. शास्त्र संस्कृतात न्यावे, म्हणजे पंडितांत मान मिळेल, असा विचार त्या अस्थिर दिवसांत स्वाभाविक होता. भटोबासांनी त्यास संमती दिली नाही. स्वामींनी मराठीत निरूपण केले होते. ते बदलले तर मार्गातील म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, हे त्यांनी ओळखले. मान मिळवून सुरक्षित होण्यापेक्षा दिलेल्या वाटेवर राहणे त्यांनी पत्करले. केशिराजव्यासांनी सूत्रपाठाची जुळणी केली ती मराठीतच.

सन १२९६मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. रामदेवरावांना अपार खंडणी द्यावी लागली आणि एलिचपूर प्रांताचे उत्पन्नही तोडून द्यावे लागले. म्हणजे ऋद्धिपुराच्या परिसरापर्यंत त्या पराभवाची झळ पोचली. राजे, पंडित, देवळे यांच्यावर ज्यांची भिस्त होती ते हवालदिल झाले. भटोबासांचा परिवार झाडाखाली राहणारा व भिक्षेवर जगणारा. त्यांच्यापाशी लुटून नेण्यासारखे थोडेच होते. सन १३०२च्या सुमारास भटोबासांनी देह ठेवला, तेव्हा राज्याचे भवितव्य अंधारात होते, पण मार्गाचा क्रम चालू होता. त्यांच्यामागून बाइदेवव्यासांनी आचार्यपदाची धुरा घेतली.

पुढील धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथीच लुटीत गेली. तरीही लीळा बुडाल्या नाहीत. हिराइसा आदी मार्गस्थांना त्या मुखोद्गत होत्या, आणि त्यांच्या पाठांवरून ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला. कोणत्याही किल्ल्याने जे राखले नसते, ते भटोबासांनी लावलेल्या नित्य स्मरणाने राखले. ते यादवराज्य सन १३१८मध्ये संपले. मार्ग मात्र आजही चालत आहे. आणि ज्या ऋद्धिपुरात मराठीची ही निष्ठा जपली गेली, तेथेच आमच्या काळात महाराष्ट्र शासनाने मराठी भाषेचे विद्यापीठ स्थापन केले. आपल्या धैर्याला असे फळ येईल, हे भटोबासांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि फळासाठी त्यांनी ते धरलेही नव्हते.

आज काळ पालटतो आहे. मुले गाव सोडून जातात, आश्रमांत भिक्षुक थोडे उरतात, पुढच्या पिढीत आचार टिकेल का, अशी चिंता वासनिकांच्या घरोघरी आहे. या चिंतेचे उत्तर भविष्य जाणण्यात नाही. श्रीनागदेवाचार्यांनाही ते कळले नव्हते. शेवटची मिळालेली आज्ञा कोणती, आणि ती आज आपल्या हातून पाळली जात आहे की नाही, एवढेच त्यांनी रोज पाहिले. साधकानेही एवढेच पाहावे. उरलेले सर्व परमेश्वराचे आहे.