सरखेल कान्होजी आंग्रे

बालमित्रांनो, आपण रत्नागिरी जिल्ह्यातली मुले. समुद्राची गाज ऐकतच आपण लहानाचे मोठे होतो. याच समुद्राच्या बळावर एका वीराने इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी यांना जेरीस आणले. त्यांचे नाव सरखेल कान्होजी आंग्रे.

कान्होजींचा जन्म सन १६६९ च्या सुमारास झाला. त्यांचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजींचे बालपण आपल्याच जिल्ह्यात, हर्णै बंदरासमोरच्या सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेले. दर्यावर्दी माणसांत ते वाढले. पुढे सिद्दीने सुवर्णदुर्गाला वेढा घातला, तेव्हा किल्लेदार फितूर होऊ लागला. तरुण कान्होजींनी त्यालाच कैद केले आणि किल्ला लढवला, अशी हकिकत सांगतात. सन १६९८ मध्ये मराठ्यांच्या आरमाराचा सगळा भार त्यांच्यावर आला.

आता आपला समुद्र कसा आहे ते पाहू. आपला अरबी समुद्र हा हिंदी महासागराचा भाग. हिंदी महासागर जगातला तिसऱ्या क्रमांकाचा महासागर. पण त्याची एक गंमत आहे. त्याच्या उत्तरेला आशिया खंडाची मोठी जमीन आहे. उन्हाळ्यात ही जमीन खूप तापते. मग समुद्रावरून नैर्ऋत्येचे वारे जमिनीकडे धावतात आणि पाऊस आणतात. हिवाळ्यात जमीन थंड होते, तेव्हा वारे उलट फिरून ईशान्येकडून वाहतात. एवढ्या मोठ्या प्रमाणात वाऱ्यांची अशी उलटापालट दुसऱ्या कोणत्याही महासागरावर होत नाही. त्या काळी इंजिन नव्हते, सारा कारभार शिडांवर! म्हणून ज्याला वारा कळला, त्याला समुद्र कळला.

कान्होजींना तो पुरता कळला होता. पावसाळ्यात दर्या खवळला की जहाजे खाडीच्या आसऱ्याला न्यायची. पाऊस सरला की पुन्हा बाहेर काढायची. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, दुपारी समुद्राकडून वारा येतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची मोठी भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची लहान भरती. ही सारी माहिती आपल्या खलाशांना तोंडपाठ असे.

त्यांची जहाजेही आपल्या किनाऱ्याला साजेशी होती. गुराब हे तोफांचे जहाज. त्याचा तळ उथळ, त्यामुळे ते कमी पाण्यात चाले. गलबत त्याहून लहान. त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला की इंग्रजांचे मोठे जहाज जागच्या जागी डुलत राही. मग काय! गलबते वल्ही मारीत गुराबांना ओढून नेत. मागच्या बाजूने, जिथे शत्रूच्या तोफा थोड्या, तिथून हल्ला होई. तोफांचा मारा शिडांवर नि डोलकाठीवर. शीड गेले की जहाज पांगळे! उलट कठीण प्रसंग आला, तर कान्होजींची गलबते उथळ खाडीत शिरत. तिथे मोठ्या जहाजांचे तळ रुतण्याची भीती.

या किनाऱ्यावर फिरणाऱ्या व्यापारी जहाजांनी आपला दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा, असा कान्होजींचा नियम होता. इंग्रजांना तो मान्य नव्हता. ते कान्होजींना चाचा म्हणत. पण आपल्या समुद्रावर हुकूम कोणाचा, हाच खरा प्रश्न होता. सन १७१७ साली इंग्रजांनी विजयदुर्गावर आणि १७१८ साली खांदेरीवर हल्ला केला. दोन्ही फसले. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले. हा किल्ला भरतीला पाण्याने वेढला जातो, ओहोटीला तिथे चालत जाता येते. किल्ला निकराने लढला. बाजीराव पेशव्यांची फौजही मदतीला आली. शेवटी पोर्तुगीजांनी तह केला आणि इंग्रजांना हात हलवत परतावे लागले. १७२४ साली डचांनी विजयदुर्गावर हल्ला केला. त्यांचीही तीच गत झाली.

४ जुलै १७२९ रोजी, ऐन पावसाळ्यात, कान्होजींचे निधन झाले. अलिबाग येथे त्यांची समाधी आहे. मुंबईतील नौदलाच्या एका तळाला त्यांचे आंग्रे हे नाव दिले आहे.

मित्रांनो, परक्यांची जहाजे मोठी होती, तोफा जास्त होत्या. पण कान्होजींना आपला वारा, आपली खाडी नि आपली भरती-ओहोटी ठाऊक होती. आपल्या घरी किंवा शेजारी कोणी तांडेल, खलाशी असतील, तर त्यांना वाऱ्यांची नावे जरूर विचारा. ते ज्ञान जपणे हे आता आपले काम आहे.