न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : होतकरू वकिलांसाठी एक आदर्श

वाचकहो, आपल्या अहेरी परिसरातील मुले-मुली आता कायद्याची पदवी घेऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पदवी आणि सनद हाती आली म्हणजे वकिली आली असे नव्हे. विशेषतः फौजदारी काम हे पुस्तकापेक्षा अनुभवी वकिलाच्या कचेरीत आणि न्यायालयाच्या बाकावर बसूनच शिकावे लागते. मुंबई उच्च न्यायालयातील पहिले हिंदी बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी यांचे चरित्र या दृष्टीने आपण अवश्य लक्षात घ्यावे.

त्यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1844 रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा समाजातील एका व्यापारी घराण्यात झाला. उर्दू-फारसीचे शिक्षण मदरशात आणि पुढील शिक्षण एल्फिन्स्टन संस्थेत घेऊन ते 1860 मध्ये विलायतेस गेले. तेथे त्यांची दृष्टी अधू झाली. 1864 च्या अखेरीस शिक्षण अर्धवट टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. पण ते खचले नाहीत. वर्षभराने पुन्हा गेले आणि एप्रिल 1867 मध्ये मिडल टेंपलमधून बॅरिस्टर झाले.

आता एक गोष्ट ध्यानी घ्या. त्या काळी विलायतेत बॅरिस्टर होण्यासाठी परीक्षा सक्तीची नव्हती. ती सक्ती 1872 मध्ये आली. म्हणजे खरे शिक्षण सनद मिळाल्यानंतरच सुरू होई. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरला पक्षकाराकडून थेट काम घेता येत नसे. ते सॉलिसिटरमार्फतच मिळे, आणि तो धंदा बहुतांशी युरोपियनांच्या हाती होता. अशा वेळी बद्रुद्दीन यांच्या पाठीशी त्यांचे वडील बंधू कमरुद्दीन उभे राहिले. ते पहिले हिंदी सॉलिसिटर होते. बुद्धी आणि मेहनत बद्रुद्दीन यांची स्वतःचीच होती, पण पहिले दार उघडणारा कोणी तरी असावा लागतो, हे यावरून दिसते.

स्वतः पुढे गेल्यावर त्यांनी इतरांसाठी दारे उघडली. 1874 मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली. तिचे ते प्रथम चिटणीस व पुढे अध्यक्ष होते. 1887 मध्ये मद्रास येथील काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. 1895 मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

फौजदारी काम करू इच्छिणाऱ्यांनी 1897 चा प्रसंग मुद्दाम अभ्यासावा. ‘केसरी’तील लिखाणाबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. दंडाधिकाऱ्यांनी जामीन नाकारला. उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीही नाकारला. पुढे खटला सेशन्सकडे गेला, तेव्हा बॅरिस्टर दावर यांनी न्या. तय्यबजींपुढे नव्याने अर्ज केला आणि त्यांनी जामीन मंजूर केला. खटल्यास अद्याप अवकाश होता. तोवर आरोपी तुरुंगात राहिला आणि शेवटी निर्दोष ठरला, तर तो काळ त्याला कोण परत देणार? बचावाची तयारी तो कशी करणार? सुनावणीस तो हजर राहील की नाही, हा मुख्य प्रश्न. अशी ती विचारसरणी होती.

पुढे सप्टेंबरात खटला चालला. लेख मराठीत होते, पण ज्यूरीतील बहुसंख्य युरोपियन होते. सहांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोष. दीड वर्षाची शिक्षा झाली. जामीन मिळाला म्हणजे खटला जिंकला असे नव्हे, परंतु बचाव करण्याची संधी मिळाली, हे खरे.

अहेरीच्या न्यायालयात हेच प्रश्न रोज उभे राहतात. आरोपी केवळ माडिया किंवा तेलुगू बोलणारा असतो, फिर्याद व पंचनामा मराठीत असतो. जामीन मंजूर होतो, पण ऐपतदार जामीनदार मिळत नाही. एखादे काम गडचिरोलीच्या न्यायालयात असेल, तर नातेवाइकांना शंभर किलोमीटरच्या आसपास प्रवास पडतो. अशा वेळी नव्या वकिलाला काय यावे? रिमांडचे कागद बारकाईने वाचावेत. अटकेनंतर 24 तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे नेले काय, दोषारोपपत्र 60 किंवा 90 दिवसांच्या मुदतीत आले काय, हे तपासावे. दुभाषी मागावा. जामिनाची रक्कम आरोपीच्या कुवतीबाहेरची असेल तर ती कमी करण्याचा अर्ज द्यावा. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार आदिवासींना, स्त्रियांना व कोठडीतील प्रत्येकाला मोफत वकील मिळू शकतो, हे पक्षकाराला सांगावे. हे सारे ज्येष्ठांच्या हाताखाली वर्ष-दोन वर्षे राबल्यावरच अंगवळणी पडते.

1902 मध्ये काही काळ प्रभारी मुख्य न्यायाधीश राहिलेले न्या. तय्यबजी 19 ऑगस्ट 1906 रोजी लंडन येथे निवर्तले.

तरुण मित्रांनो, आपण ज्येष्ठ वकिलाच्या कचेरीचे दार ठोठवा, संकोच करू नका. आणि ज्येष्ठ वकीलबंधूंनो, कमरुद्दीन यांच्याप्रमाणे ते दार उघडे ठेवा. आपल्या कचेरीतील एक रिकामी खुर्ची जंगलातल्या एखाद्या गरीब आरोपीसाठी सुटकेचा मार्ग ठरू शकेल.