टेबलावरची सफरचंदं कुजून जायची, पण या चित्रकाराचं चित्र पूर्ण व्हायचं नाही

फ्रान्सच्या दक्षिणेतलं एक्स नावाचं गाव. तिथल्या शाळेत एका किरकोळ पोराला बाकीच्यांनी वाळीत टाकलेलं. एक दांडगा मुलगा तरी त्याच्याशी बोलला आणि त्यापायी पोरांचा मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी त्या किरकोळ पोराने त्याला टोपलीभर सफरचंदं आणून दिली. टोपली देणारा एमिल झोला, पुढचा बडा कादंबरीकार. घेणारा पॉल सेझान. म्हातारपणी सेझान स्वतःच हा किस्सा सांगायचा.

१८३९ साली जन्मलेल्या सेझानचे वडील टोप्यांच्या धंद्यातून बँकर झालेले. पोराने वकील व्हावं ही त्यांची इच्छा. पोरगा १८६१ मध्ये पॅरिस गाठून ब्रश घेऊन बसला. घरून येणारे पैसे बंद होतील या भीतीने त्याने ऑर्तांस आणि तिच्यापासून झालेला मुलगा बरीच वर्षं वडिलांपासून लपवून ठेवले. लग्न केलं ते १८८६ मध्ये.

पॅरिसच्या सरकारमान्य प्रदर्शनात त्याची चित्रं वर्षानुवर्षं नाकारली गेली. आत शिरकाव झाला तो फक्त एकदा, १८८२ साली. १८८६ मध्ये झोलाने एका अपयशी चित्रकारावर कादंबरी लिहिली. लोकांना त्यात सेझान दिसला आणि जुनी दोस्ती विरत गेली.

तो फळांकडे वळला यात नवल नाही. माणसं हलायची, फळं हलत नाहीत. व्होलार या चित्रविक्रेत्याला त्याने शंभराहून जास्त वेळा समोर बसवलं, सफरचंदासारखा गप्प बस म्हणून झापलं, आणि तरी ते चित्र अर्धवटच सोडलं. पण इतक्या संथ हाताला फळंही पुरायची नाहीत, ती सडायची.

शिकागोच्या संग्रहालयात त्याचं १८९३ च्या सुमाराचं सफरचंदांच्या टोपलीचं चित्र आहे. त्यात बाटली कललेली, टोपली पुढे झुकलेली, आणि टेबलाची डावी-उजवी कड एका रेषेत येतच नाही. चित्रकार चुकला वाटतं ना? पण आपण टेबलाकडे बघताना मान हलते, नजर फिरते. सेझानने ते वेगवेगळे कोन एकाच चित्रात बसवले. फोटोत हे जमत नाही.

त्याचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन व्होलारनेच भरवलं, १८९५ मध्ये. तोवर सेझान ५६ वर्षांचा झाला होता. ऑक्टोबर १९०६ मध्ये उघड्यावर चित्र काढताना तो वादळी पावसात सापडला, रस्त्यात कोसळला आणि आठवडाभरात गेला. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. ते बघणाऱ्यांमध्ये पिकासो होता, ब्राक होता. क्युबिझम म्हणून जे पुढे गाजलं, ते या दोघांनी त्यानंतरच्या काही वर्षांत उभं केलं.