मुंगीशास्त्रज्ञ डॉ. ऑग्युस्त फोरेल

गुऱ्हाळाचे दिवस आले की आपल्या संकेश्वरच्या शिवारात काकवीचा एखादा थेंब सांडण्याचा अवकाश, मुंग्यांची रांग लागलीच म्हणून समजावे. रांगेत समोरासमोर आलेल्या दोन मुंग्या क्षणभर थांबतात, मिशांनी एकमेकींना चाचपतात आणि आपापल्या वाटेने जातात. परंतु दुसऱ्या वारुळातील मुंगी त्या वाटेवर आली, तर पुष्कळदा तिचे पाय ओढले जातात, तिला कडकडून चावे बसतात, प्रसंगी तिचा जीवही जातो. दिसावयास दोघी सारख्याच. मग आपली कोण आणि परकी कोण, हे मुंगीला कळते तरी कसे? या प्रश्नाचा ज्यांनी जन्मभर पाठपुरावा केला, त्यांत स्वित्झर्लंडचे डॉ. ऑग्युस्त फोरेल यांचे नाव अग्रभागी आहे.

फोरेल यांचा जन्म १ सप्टेंबर १८४८ रोजी जिनिव्हा सरोवराच्या काठी, मोर्ज या गावाजवळ झाला. आईचा स्वभाव फार भित्रा. मुलाला ती सहसा इतर मुलांत मिसळू देत नसे. सवंगडी नसलेला हा मुलगा बागेतील किड्यामुंग्यांत रमला. पुढे प्येर ह्यूबर या जिनिव्हाच्या पंडिताचे मुंग्यांवरील पुस्तक लहान वयातच त्याच्या हाती पडले आणि त्याच्या छंदाला दिशा मिळाली. चरितार्थासाठी त्याने वैद्यकी पत्करली खरी, पण १८७४ साली, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, त्याचा पहिला मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला तो स्वित्झर्लंडमधील मुंग्यांवर!

फोरेल यांनी काही मुंग्यांच्या डोक्यावरील मिशा, म्हणजे शास्त्रज्ञ ज्यांना शृंगिका म्हणतात त्या, कापून टाकल्या. प्रयोग निर्दय खरा. परंतु त्यातून जे निष्पन्न झाले ते विलक्षण होते. एरव्ही समोर येताच एकमेकींवर तुटून पडणाऱ्या निरनिराळ्या जातींच्या मुंग्या आता निमूटपणे शेजारी शेजारी राहू लागल्या. डोळे शाबूत होते, जबडे शाबूत होते, पण वैर नाहीसे झाले. कारण वैरी ओळखण्याचे साधनच गेले होते. ओळख पटते ती शृंगिकांनी घेतलेल्या वासावरून, असा याचा अर्थ. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. नुकत्याच कोशातून बाहेर पडलेल्या भिन्न जातींच्या मुंग्या एकत्र ठेवल्या, तर त्या भांडत नाहीत, एका घरच्या होऊन नांदतात. म्हणजे आपपरभाव मुंगी बव्हंशी जन्मानंतर शिकते.

त्याच सुमारास इंग्लंडात सर जॉन लबक यांनी मुंग्यांना चक्क मद्य पाजून बेशुद्ध केले होते. वारुळातील मुंग्यांनी आपल्या झिंगलेल्या बहिणींना बहुधा उचलून घरी नेले आणि परक्या झिंगलेल्यांना पाण्यात टाकून दिले! बेशुद्ध मुंगी कसली खूण देणार? तेव्हा ही परवलीच्या शब्दासारखी खूण नव्हे, अंगालाच चिकटलेले काही असले पाहिजे, हे उघड झाले.

ते काय, हे पुढील शतकात उलगडले. मुंगीच्या अंगावर मेणासारख्या पदार्थांचा पातळ थर असतो. एकमेकींना चाटून आणि तोंडातून तोंडात अन्न देऊन हे पदार्थ साऱ्या वारुळात मिसळतात व वारुळाचा एक समाईक वास बनतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९८० नंतरच्या दशकात गांधीलमाश्यांवर प्रयोग झाले. पोळ्यापासून व बहिणींपासून जन्मतःच दूर ठेवलेल्या माश्यांना आपले-परके ओळखता येत नाही, असे तेथेही दिसून आले.

फोरेल यांचा आपल्या मुलखाशीही संबंध आला. मुंबई इलाख्यातील जंगलखात्याचे अधिकारी रॉटन यांना मुंग्यांचा नाद होता. त्यांनी जमविलेल्या मुंग्या फोरेल यांच्याकडे तपासणीसाठी जात. पुण्यास सापडलेल्या एका इवल्याशा मुंगीला फोरेल यांनी १८९० साली रॉटन यांचेच नाव दिले. हिंदुस्थान व लंका येथील मुंग्यांवरील त्यांची लेखमाला १८९२ पासून मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात येऊ लागली. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, हे येथे सांगितले पाहिजे.

१८७९ ते १८९८ पर्यंत ते झुरिकच्या बुर्गहोल्झली मनोरुग्णालयाचे प्रमुख होते. मज्जापेशी परस्परांपासून सुट्या असतात, हा विचार मांडणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांची गणना होते. दारूच्या आहारी गेलेले रोगी त्यांच्या औषधाने सुधारत नसत. बोसहार्ट नावाच्या एका चांभाराच्या सहवासात मात्र सुधारत. चांभार स्वतः पीत नाही आणि आपण पितो, एवढेच कारण आहे हे समजल्यावर डॉक्टरांनी स्वतः दारू सोडली आणि व्यसनमुक्तीच्या आश्रमावर त्याच चांभाराला प्रमुख नेमले.

इतक्या मोकळ्या मनाच्या या माणसाची एक बाजू मात्र झाकून ठेवता येणार नाही. माणसामाणसांत योग्य आणि अयोग्य अशी प्रतवारी लावता येते, असे ते मानीत. मनोरुग्णांना संतती होऊ नये म्हणून त्यांनी शस्त्रक्रियाही करविल्या. मुंगीचे वैर केवळ वासापुरते आहे हे ज्यांनी दाखविले, त्यांना माणसांच्या बाबतीत असे वाटावे, याचे दुःख होते. पहिल्या महायुद्धात त्यांनीच राष्ट्राराष्ट्रांतील द्वेषाविरुद्ध लेखणी चालविली, हेही तितकेच खरे.

१९१२ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात निकामी झाला. तेव्हा साठी उलटलेली होती. त्यांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि १९२१ ते १९२३ या काळात मुंग्यांच्या समाजजीवनावर पाच खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. इव्होर्न गावातील आपल्या घराला त्यांनी वारूळ हेच नाव दिले होते. त्याच घरी २७ जुलै १९३१ रोजी त्यांचे निधन झाले. १९७८ साली स्वित्झर्लंडने हजार फ्रँकच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. नोटेच्या मागच्या बाजूस अर्थातच मुंग्या होत्या.